सोनखतापासून शेवाळखतापर्यंत

मैल्यात पिकाचे अन्न असते, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही. त्याचे नावच ‘सोनखत’. शहरांत गटारे आली, मैला पाण्याबरोबर वाहू लागला आणि ते सोने नदीत जाऊ लागले. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. पुढे नत्र पोत्यातून मिळू लागले, तसा मैला ही फक्त विल्हेवाट लावायची घाण उरली.

या गोष्टीत शेवाळ आले ते खतासाठी नव्हे, प्राणवायूसाठी. घाण कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. तो यंत्राने पुरवायचा तर भरपूर वीज जाते. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे विल्यम ऑस्वाल्ड आणि हॅरॉल्ड गोटास यांनी हेच काम उथळ तळ्यातले सूक्ष्म शेवाळ उन्हावर कसे करते, ते उलगडले. शेवाळ प्राणवायू सोडते. जिवाणू कर्बवायू, अमोनिया आणि स्फुरद मोकळे करतात आणि त्यावर शेवाळ पोसते. आपल्या उन्हाच्या देशाला हे मानवणारेच होते. नागपूरच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आजच्या ‘नीरी’ने, १९७० मध्ये अशा तळ्यांच्या आराखड्यावर पुस्तिकाच काढली.

इथे एक गल्लत टाळायला हवी. भातखाचरात सोडतात ते निळे-हिरवे शेवाळ हवेतले नत्र बांधते, शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भातशेतीतले त्याचे महत्त्व दाखवले. सांडपाण्यातले क्लोरेला, सेनेडेस्मस हे शेवाळाचे प्रकार तसे करत नाहीत. ते वाहून चाललेले नत्र-स्फुरद गोळा करतात. माझ्या मते त्यांचे खरे मोल यातच आहे.

मग हे शेवाळ खत म्हणून शेतापर्यंत का पोचले नाही? घोडे अडले ते शेवाळ पाण्याबाहेर काढण्यात. पेशी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या, आणि लिटरभर पाण्यात सुके शेवाळ बहुधा ग्रॅमभरही नाही. तुरटी टाकून ते तळाशी बसवता येते, पण मग ॲल्युमिनियम खतात उतरते.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले वॉल्टर मलब्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. गोठ्याच्या शेणपाण्यावर त्यांनी शेवाळाचा थर वाढवला. तंतूंसारख्या शेवाळाचा थर खरवडून काढता येतो, गाळत बसावे लागत नाही. २००५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: सुक्या शेवाळात नत्र सुमारे ७ टक्के, स्फुरद १ टक्का. मातीत मिसळल्यावर तीन आठवड्यांत एक तृतीयांश नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आले. मका आणि काकडीची रोपे बाजारच्या खतावरल्या रोपांच्या बरोबरीने वाढली.

शेवाळ जड धातूही तितक्याच सहज शोषते. म्हणून कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या नाल्यापेक्षा गोठ्याचे, दूध डेअरीचे पाणी या कामाला अधिक भरवशाचे.