मशिदी आणि नगरपालिका (फ्रान्स)

फ्रान्समध्ये मशीद उभी राहील की नाही, हे प्रत्यक्षात नगराध्यक्षाच्या टेबलावर ठरते. बांधकाम परवाना, वाहनतळाची अट, पालिकेची जमीन, नमाजापुरते सभागृह, सगळे तिथूनच मिळते किंवा अडते.

9 डिसेंबर 1905 च्या कायद्याने तिथे राज्य आणि धर्मसंस्थांची फारकत केली. पहिले कलम उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी देते. दुसऱ्यानुसार शासन कोणत्याही धर्मपंथाला मान्यता, वेतन किंवा अनुदान देत नाही. मात्र त्याआधीची बहुतेक कॅथलिक चर्च नगरपालिकांच्या मालकीची झाली आणि त्यांच्या डागडुजीवर आजही पालिकेचा पैसा खर्च होतो. मुस्लिम समाज मोठ्या संख्येने आला तो नंतर. त्याच्या वाट्याला अशी एकही आयती वास्तू आली नाही. कायदा सगळ्यांना एकच, सुरुवात मात्र सारखी नव्हती, हे विसरून या वादाकडे पाहणे अन्यायाचे आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या मुस्लिम सैनिकांच्या स्मरणार्थ पॅरिसची मोठी मशीद 1926 मध्ये उघडली. तिला सरकारी पैसा मिळाला खरा, पण तो उपासनेसाठी नव्हे, तर तिच्याशी जोडलेल्या ‘मुस्लिम संस्था’ या सांस्कृतिक संस्थेच्या नावाने.

एरवीची वाट पालिकेची जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्याची. 1930 च्या दशकात पॅरिसच्या उपनगरांतली नवी चर्च याच वाटेने झाली. पॅरिसजवळच्या मोंत्रय पालिकेने मशिदीसाठी 99 वर्षांच्या पट्ट्याने, नाममात्र एक युरो भाड्याने जमीन दिली, तेव्हा एका नगरसेविकेने न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 19 जुलै 2011 रोजी पट्टा वैध ठरवला. मुदत संपल्यावर इमारत पालिकेकडे येते, हा त्यातला कळीचा भाग. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालानुसार पालिकेचे सभागृह नमाजासाठी देता येते, पण फुकटात नाही आणि कायमचेही नाही.

अडवणुकीलाही मर्यादा आहे. दक्षिण फ्रान्समधल्या फ्रेजुस शहराच्या नगराध्यक्षांनी बांधून तयार असलेली मशीद उघडू दिली नाही. न्यायालयाचा आदेशही त्यांनी पाळला नाही, तेव्हा जानेवारी 2016 मध्ये केंद्राच्या प्रतिनिधीने, म्हणजे प्रीफेक्टने, परवानगी दिली.

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचे अल्सास-मोझेल 1905 मध्ये जर्मनीकडे होते, म्हणून तिथे हा कायदा लागू नाही आणि पालिका मशिदीला थेट अनुदान देऊ शकते. तरीही 2021 मध्ये तिथल्या स्ट्रासबुर्ग पालिकेने एका मशिदीसाठी 25 लाख युरो तत्त्वतः मंजूर करताच केंद्र सरकार विरोधात उतरले आणि मशिदीच्या संस्थेने अर्ज मागे घेतला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील कायद्यानुसार धर्मस्थळासाठी वर सांगितलेला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करण्याआधी नगराध्यक्षाने प्रीफेक्टला कळवणे बंधनकारक आहे.