निक्सनची हनुवटी आणि सभागृहातलं हसू

ती चित्रफीत मी आधी आवाज बंद करून पाहिली. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत झालेली केनेडी आणि निक्सन यांची वादचर्चा. अमेरिकेच्या दोन मुख्य पक्षांचे अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. कृष्णधवल चित्रात केनेडींचा गडद सूट उठून दिसतो, निक्सन यांचा फिकट सूट मागच्या भिंतीत मिसळून जातो. गुडघ्याच्या संसर्गामुळे ते नुकतेच रुग्णालयात राहून आलेले, वजन उतरलेलं, आणि हनुवटीवर घाम चमकतोय. दहा मिनिटांत माझं मत बनलं, तेही एक शब्द न ऐकता. मग पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकलं, तेव्हा निक्सन मुळीच हरलेले वाटले नाहीत.

रेडिओवाल्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवाल्यांना केनेडी, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. तिचा पुरावा मात्र लंगडा आहे. ती मुख्यतः एका पाहणीवर उभी आहे आणि त्यात रेडिओ ऐकणारे तीनशेही नव्हते. शिवाय तोवर बहुतेक अमेरिकी घरांत टीव्ही आला होता. ज्यांच्याकडे नव्हता ते बरेचसे ग्रामीण भागातले, म्हणजे मुळातच निक्सनकडे झुकलेले असू शकतात. मग फरक माध्यमाचा की माणसांचा?

हे तपासायचं तर कोण पाहणार आणि कोण ऐकणार हे नशिबावर सोडावं लागतं. राज्यशास्त्रज्ञ जेम्स ड्रकमन यांनी नेमकं तेच केलं. जुन्या चर्चेबद्दल फारसं काही माहीत नसलेल्यांना त्यांनी चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं फक्त ऐकलं. २००३ मध्ये निष्कर्ष आले: केनेडी जिंकले असं म्हणणारे पाहणाऱ्यांत जास्त होते आणि उमेदवाराच्या सचोटीबद्दलची छाप त्यांच्या निवाड्यात अधिक वजनदार ठरली. म्हणजे दंतकथेत तथ्य होतं, फक्त तेव्हाचा पुरावा कच्चा होता. मला यातलं एक फार मोलाचं वाटतं: पाहणाऱ्यांपैकी ज्यांना राजकारणाची माहिती कमी होती, ते चर्चेतून ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त शिकले. चित्र नुसतं फसवत नाही, ते शिकवतंही.

पण डोळ्यांपेक्षाही मला शेजाऱ्याचं हसू धोक्याचं वाटतं. २१ ऑक्टोबर १९८४ ला कॅन्सस सिटीत अध्यक्षपदाच्या वादचर्चेत ७३ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांना वयाबद्दल विचारलं गेलं. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही, असं ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. सभागृह हास्यात बुडालं. प्रतिस्पर्धी माँडेल ५६ वर्षांचे होते, तेही खळखळून हसले. पुढे मानसशास्त्रज्ञांनी ही फीत कापून प्रयोग केला. वाक्य तेच ठेवलं, फक्त प्रेक्षकांचं हसू काढलं, तेव्हा पाहणाऱ्यांनी रेगन यांना बरेच कमी गुण दिले. म्हणजे विनोदाची धार बरीचशी खोलीतल्या आवाजात होती.

२०१० मध्ये ब्रिटनमध्ये संशोधकांनी पंतप्रधानपदाच्या टीव्ही चर्चेच्या चित्राखाली प्रेक्षकांचा कल दाखवणारी सरकती रेघ दाखवली. ती मुद्दाम एका उमेदवाराकडे झुकवलेली होती. रेघ ज्याच्या बाजूनं, त्याला जिंकलेला म्हणणारे वाढले.

२७ जून २०२४ च्या बायडन–ट्रम्प चर्चेला अटलांटाच्या स्टुडिओत प्रेक्षकच नव्हते. ही व्यवस्था मला मनापासून पटली. तरी ती चर्चा पाहताना फोन हातातच होता, आणि पहिलं उत्तर संपायच्या आत त्यावर कुणीतरी हसून मोकळं झालं होतं.