माझदा एमएक्स-५ : स्प्रिंगा आणि शॉकअप बदलणं

माझदा एमएक्स-५ ही दोन सीटची, उघड्या टपाची छोटी जपानी स्पोर्ट्स कार, फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि अमेरिकेत तिला सगळे मियाताच म्हणतात. पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली, तिला एनए म्हणतात, त्यानंतरची एनबी. इंजिन सुरुवातीला १.६ लिटरचं, वजन टनाच्या आसपास, पुढेमागे जवळपास सारखं वाटलेलं, आणि चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आडव्या बाह्यांनी धरलेलं, जे या किमतीच्या गाडीत सहसा मिळत नाही. त्यामुळे या गाडीत मालकलोक इंजिनापेक्षा आधी सस्पेन्शनला हात घालतात, शिवाय जुन्या गाड्यांचे मूळ शॉकअप एव्हाना संपलेलेच असतात.

स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी आहे हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि दबल्यावर परत उसळते, ती उसळी शांत करायचं काम शॉकअपचं, आतला पिस्टन तेलातून बारीक व्हॉल्व्हमधून जातो आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तेवढंच नियंत्रण ठेवायला शॉकअपचा जोर साधारण १.४ पट लागतो. म्हणून जुन्या थकलेल्या शॉकअपवर नुसत्या कडक लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा) चढवल्या की गाडी दिसायला झकास पण खड्ड्यानंतर दोनतीनदा हेलकावते, आणि वळणात खाचखळगा आला की चाक रस्ता सोडतं. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर आधी चांगले शॉकअप घ्यावेत, मूळ स्प्रिंगांवरही गाडी सुधारते.

स्प्रिंगचा कडकपणा किलो प्रति मिमीमध्ये सांगतात पण तो आकडा जसाच्या तसा चाकापर्यंत पोचत नाही. विशबोनमध्ये शॉकअप चाकाच्या बराच आत बसतो, समजा चाक १० मिमी वर गेलं आणि शॉकअप ७ मिमीच दबला, तर हालचालही ०.७ पट आणि चाकापर्यंत पोचणारा जोरही ०.७ पट, म्हणून ०.७ चा वर्ग म्हणजे ०.४९, मग ८ किलो प्रति मिमीची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम ४ किलोची उरते. म्हणूनच दुसऱ्या गाडीचे आकडे बघून मियाताला स्प्रिंग निवडू नये.

शॉकअपमध्ये लोकांची आवडती दोन नावं म्हणजे बिलस्टाइन आणि कोनी. बिलस्टाइनचे मोनोट्यूब, एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन, मध्ये सरकता पिस्टन, त्यामुळे तेलात फेस होत नाही आणि सलग हाणली तरी दम टिकतो. १९९४ पासून अमेरिकेत आलेल्या आर पॅकेज नावाच्या मियातामध्ये कंपनीनेच बिलस्टाइन दिले होते. कोनीच्या पिवळ्या शॉकअपला रिबाउंड (दबल्यावर परत उलगडतानाचा रोध) कमीजास्त करता येतो, म्हणजे स्प्रिंग बदलली तरी जुळवून घेता येतं. गाडीची उंची फिरवून ठरवता येते असे कॉइलओव्हरही (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले सेट) भरपूर मिळतात, पण अगदी स्वस्तातल्या सेटमध्ये आतल्या व्हॉल्व्हची जुळणी यथातथाच असते.

या गाडीचा खरा अडसर म्हणजे ट्रॅव्हल, शॉकअपला दबायला जागाच कमी. गाडी ३० मिमी खाली घेतली की वरच्याच हिशोबाने शॉकअपची सुमारे २१ मिमी जागा आयतीच गेली, उरलेल्यात तो बंपस्टॉपवर आपटतो. बंपस्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा रबराचा किंवा फोमचा ठोकळा, तो लागला की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, वळणात पुढे लागला तर गाडी सरळ जाऊ बघते आणि मागे लागला तर शेपूट बाहेर येते, आणि बिचाऱ्या मालकाला वाटतं स्प्रिंग जास्तच कडक झाली! यावर एनए गाडीत एनबीचे वरचे माउंट (शॉकअप वर गाडीला जिथे धरतात तो भाग) बसवायचा उपाय बराच जुना आणि खात्रीचा आहे, त्याने दबायची जागा वाढते, सोबत चांगले फोमचे बंपस्टॉप घालावेत. दिसण्यासाठी गाडी अगदी जमिनीला टेकवण्याच्या भानगडीत पडू नये, या गाडीचं सगळं सुख चाकाच्या हालचालीत आहे.

काम घरच्या गॅरेजमध्ये होतं, फक्त घाई नको. गाडी जॅकवर नाही, जॅकस्टँडवर ठेवायची. पुढच्या माउंटचे वरचे नट बॉनेटखाली असतात आणि मागचे डिकीत, खालचा बोल्ट बहुतेक वेळा गंजून धरलेला असतो, त्याला आदल्या रात्रीच तेल मारून ठेवायचं. पुढे जागा होत नाही म्हणून वरच्या विशबोनचा लांब बोल्ट काढून तो बाजूला घेतात, तेवढ्याने शॉकअप सुटून हातात येतो. पण सुटलेल्या शॉकअपवरही स्प्रिंग दबलेलीच असते, स्प्रिंग आवळून धरणारा कंप्रेसर लावल्याशिवाय शॉकअपच्या दांड्यावरचा मधला नट कधीच सोडायचा नाही, ती सुटली तर हाड मोडू शकते.

परत जोडताना बुशचे (विशबोनच्या सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट हवेत लटकलेल्या चाकावर पूर्ण आवळायचे नाहीत. रबरी बुश पिळूनच काम करतो, हवेत आवळला तर गाडी खाली आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो, लवकर फाटतो, उंचीही चुकीची दिसते. आधी सैल ठेवून वजन चाकांवर आल्यावर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) शेवटचं आवळायचं. उंची चाकाच्या मधोमधपासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजतात, म्हणजे टायर कुठला आहे याने फरक पडत नाही.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट लागतंच, कारण गाडी खाली आली की कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा तिरपेपणा) आणि टो (वरून बघताना चाकाची आत-बाहेरची दिशा) दोन्ही हलतात. खालच्या विशबोनना एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की विशबोन सरकवणारा बोल्ट) असल्याने पुढेमागे दोन्हीकडे कॅम्बर लावता येतो, पण तेही गंजून जाम होतात म्हणून अलाइनमेंटला नेण्याआधी मोकळे करून बघावेत. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, तेव्हा काही दिवस गाडी चालवून मगच अलाइनमेंट करावं आणि त्याच वेळी सगळे बोल्ट परत तपासून घ्यावेत.