गाईची गव्हाण आणि घोड्याची गव्हाण

नाशिक जिल्ह्यात घोडा दारात एकटा क्वचितच असतो. लग्नाची घोडी असो नाहीतर घोडा-बैल शर्यतीचा नाद, शेजारी गाय किंवा बैल बांधलेला असतोच, आणि सगळ्यांची वैरण एकाच पाटीतून जाते. दोघंही गवत खातात, दोघांनाही कडबा चालतो, पेंडीचं पोतं समोर उघडं असतं. मग ‘गाईला मानवतं ते घोड्याला मानवेल’ असं गृहीत धरलं जातं. हा समज खोटा आहे, आणि त्यापायी धडधाकट जनावरं हकनाक जातात.

गाय आधी आंबवते आणि मग पचवते. घोडा आधी पचवतो आणि मग आंबवतो. पुढचं सगळं यातूनच निघतं.

गाईने गिळलेला घास आधी कोठीपोटात जातो. शंभर लिटरच्या वर मावणारी ती गोबरगॅसची टाकीच. तिथले जिवाणू चारा फोडतात, गाय निवांत बसून रवंथ करते, आणि त्या जिवाणूंची शरीरं पुढे पचून तिला प्रथिनं मिळतात. म्हणून निकस भुसकटावरही गाय तग धरते. शिवाय चाऱ्यातली काही विषारी द्रव्यं या टाकीतच बरीचशी निकामी होतात. रक्तात जायच्या आधीच चारा एका चाळणीतून गेलेला असतो.

घोड्याला ही चाळणी नाही. त्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. खाल्लेलं तिथून लवकर लहान आतड्यात उतरतं, धान्यातला स्टार्च आणि प्रथिनं तिथे पचतात, आणि उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. तिथेही जिवाणू आहेत, पण ते पचनाच्या शेवटच्या टोकाला. त्यांनी बनवलेली प्रथिनं बहुतेक लिदीबरोबर बाहेर पडतात. युरियाची प्रक्रिया केलेला पेंढा गाईला उपयोगी पडतो, घोड्याला त्याचा फायदा नाही, तो यामुळेच.

आणखी दोन गोष्टी. घोड्याला ओकता येत नाही आणि गाईसारखा ढेकर देऊन वायू काढता येत नाही. दुसरं म्हणजे त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, पण ते शमवणारी लाळ फक्त चावताना सुटते. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे १४ ते १६ तास तोंड चालवतो, ते उगाच नाही. गाय दोन वेळा भरपेट खाऊन मधे रवंथ करत बसू शकते. घोड्याला दोन वेळचं जेवण लावलं तर मधले तास आम्ल जठराचं अस्तर खातं.

लग्नसराईत नेमकं हेच होतं. घोडी दुपारी सजते, वरात रात्री उशिरापर्यंत रेंगाळते, बँडच्या गोंगाटात ती सगळा वेळ उपाशी उभी असते. घरी आल्यावर मायेपोटी भिजवलेल्या हरभऱ्याचा तोबरा काठोकाठ भरून तोंडाला बांधला जातो. ही माया महागात पडते. निघण्यापूर्वी वाळलं गवत पोटभर द्या, वरात कुठे थांबली की सोबतच्या भाऱ्यातलं गवत पुढे टाका. परत आल्यावर आधी पाणी, मग गवत, आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, शेवटी, तीही थोडी.

चंदीचा हिशेब सोपा आहे. ३५० किलोच्या घोडीला दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे ७ किलो कोरडा आहार लागतो. त्यातला किमान ५ किलो वाळला चारा असावा. हलकं काम असेल तर हरभरा, जव, ओट मिळून दीड किलोपर्यंत पुष्कळ झालं, आणि तेही एका वेळी किलोच्या आत. लहान आतड्याला पेलवेल त्यापेक्षा जास्त स्टार्च गेला की तो न पचता मागे उतरतो, तिथे झपाट्याने आंबून आम्ल होतं, चांगले जिवाणू मरतात आणि त्यांचं विष रक्तात शिरतं. पोटशूळ उठतो, किंवा एक-दोन दिवसांत खूर आतून सुजतात. हाच लॅमिनायटिस. गाय धान्याच्या राशीत शिरली तर तिलाही बाधतंच, पण रोजच्या खुराकातली गफलत घोडा फार कमी सोसतो.

वाळल्या चाऱ्यात माझी पसंती इगतपुरी-त्र्यंबककडच्या डोंगरी गवताला. हिरवं असतानाच कापून नीट वाळवलेलं असावं. ज्वारीचा कडबा चालतो, पण कुट्टी बारीक नको. गाय बारीक कुट्टीही पुन्हा तोंडात आणून चघळते. घोडा न चावता गिळतो आणि ती आतड्यात बसते. बोट-दोन बोट लांबीचे तुकडे त्याला चावायला लावतात.

आता गोठ्यातल्या त्या वस्तू, ज्या गाईला चालतात आणि घोड्याला नाहीत.

पहिली वस्तू गोळी पेंड, म्हणजे गोळ्यांच्या रूपातलं तयार खाद्य. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईच्या कोठीपोटातलं आंबवण ते सुधारतं, कोंबड्यांचा रक्ती हगवणीपासून बचाव करतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने मरतात. गाईला घातक ठरणाऱ्या मात्रेच्या सुमारे दहाव्या हिश्श्यातच घोडा दगावतो, आणि त्यावर उतारा नाही. निफाड, सिन्नरकडे पोल्ट्री आणि गोठा एकाच वस्तीवर असतात, तिथे सांडलेलं कोंबडीखाद्य घोड्यासमोर जाणार नाही इतकी शिस्त हवीच. पोत्यावर घोड्यासाठी असल्याचं लिहिलेलं नसेल तर ती पेंड घोड्याला नको.

दुसरी वस्तू मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा. दुभत्या गाईंसाठी मक्याचा मुरघास वरदान आहे. पण बॅगेला बारीक भोक पडलं, हवा शिरली की कडेला पांढरी-निळी बुरशी धरते, कधी आत मेलेला उंदीर दाबला गेलेला असतो. त्यातल्या बोट्युलिझमच्या विषाला घोडा फार हळवा आहे. आधी गिळणं बंद होतं, जीभ लोंबते, मग जनावर बसतं ते उठत नाही. बुरशी आलेल्या मक्याचंही तसंच: त्यातल्या फ्युमोनिसिनने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः विरघळतो. शेजारच्या गाईला तोच मका खाऊन काही झालं नाही, हा घोड्यासाठी पुरावा नव्हे.

तिसरी जोडी सावकाश मारते म्हणून लक्षात येत नाही: नेपियर गवत आणि गव्हाचा कोंडा. नेपियरमधलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू ते ऑक्झॅलेट फोडतात, घोड्याच्या बाबतीत कॅल्शियम शोषलं जाण्याची जागाच आधी येते, त्यामुळे ते तसंच निघून जातं. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो, म्हणजे तूट आणखी वाढते. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. घोडी आज एका पायाने लंगडते, उद्या दुसऱ्या. चावताना तिला त्रास होतो. काही महिन्यांनी डोळ्याखालून नाकापर्यंतची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात. नेपियर रोजचा मुख्य चारा करू नका. कोंडा द्यायचाच तर मूठभर, आणि सोबत मेथीघास (लसूणघास), त्यात कॅल्शियम भरपूर. मेथीघास थोडा सुकवून, इतर गवतात मिसळून घाला.

कडवळ, म्हणजे चाऱ्याची हिरवी ज्वारी, दोघांनाही जपूनच. पावसाने ताण दिल्यावर फुटलेल्या कोवळ्या ज्वारीने गाईला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. हिरवं कडवळ आठवडेच्या आठवडे खाणाऱ्या घोड्याचं मूत्राशय लुळं पडू शकतं आणि मागचे पाय लटपटतात, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

कांद्याच्या बाबतीत पारडं उलटं फिरतं. लासलगाव परिसरात भाव पडले की सडका कांदा जनावरांपुढे पडतो. कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि यात घोड्यापेक्षा गाय जास्त हळवी आहे. शेळ्या-मेंढ्या त्यातल्या त्यात सोसतात. तरी घोड्यालाही कांदा नकोच.

पोट दुखायला लागलं की दोघांचं दिसणंही वेगळं. ओला घास जास्त खाल्लेल्या गाईची डावी कूस फुगते, टिचकी मारली तर ढोलासारखी वाजते. घोडा मान वळवून कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वरचा ओठ वळवतो, आडवा होऊन लोळतो, घामाघूम होतो, लीद थांबते. इथे गाईचा उपाय घोड्यावर करायचा नाही. तोंड वर धरून बाटलीने तेल पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालून जठरात तेल सोडतात आणि त्याच नळीने साठलेला वायू काढतात. तोवर गव्हाण रिकामी करा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा, सकाळची वाट बघू नका.

रोजची तपासणी म्हणजे लिदीचा गोळा हातात घेऊन फोडणं. चांगला गोळा ओलसर आणि सहज मोडणारा असतो. अख्खे हरभरे दिसले तर घोडा नीट चावत नाही, दातांच्या कडा धारदार झाल्या असतील, त्या घासून घ्याव्या लागतील. गोळे लहान, कडक आणि चिकट थर आलेले असतील तर पाणी कमी पडतंय. घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त. मीठ रोज २० ते २५ ग्रॅम, घाम गाळला तर वाढवून.

येवल्याच्या घोडेबाजारातून किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून नवीन घोडी आणणार असाल तर विकणाऱ्याला विचारून घ्या, ती काय खात होती, किती आणि केव्हा. जमलं तर त्याच्याकडचा चाराच आठ दिवसांचा गाडीत टाका. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून रोज थोडा जुना कमी, थोडा नवा जास्त करत आठ-दहा दिवसांत बदल पूर्ण करा. चंदी पहिले दोन-तीन दिवस बंदच ठेवली तरी चालेल, वाळलं गवत आणि पाणी मात्र सतत समोर असू द्या.