भुरी, केवडा आणि भारतातून गेलेलं बियाणं

पाऊस स्थिरावला की ठाण्यात जांभळी नाक्यावर मुरबाड-शहापूरकडची गावठी काकडी येऊ लागते. गणपतीच्या सुमारास चिबूडही दिसतो. काकडीचा वेल या ओल्या हवेत जोमाने वाढतो, पण केवडा रोगालाही हीच हवा मानवते. पानांवर शिरांच्या चौकटीत अडकलेले पिवळे, कोनदार डाग पडतात. सकाळी पान उलटून पाहिलं तर डागाच्या मागे करडी-जांभळट लव दिसते. थोड्याच दिवसांत पानं करपतात आणि फळ पोसायला वेलावर काही उरत नाही. पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी भुरी हा काकडी-भोपळ्याच्या कुळाचा दुसरा मोठा रोग. दोन्हींवर उपाय म्हणजे फवारण्या, आणि त्यांचा खर्च.

जनुकसंच, म्हणजे वनस्पतीच्या सगळ्या जनुकांची संहिता, वाचून रोगाला दाद न देणारी काकडी, खरबूज आणि भोपळे तयार करण्याचं काम आज जगभर चाललं आहे. त्याची मुळं 1925 सालात सापडतात. त्या वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत खरबुजांवर भुरीचा मोठा हल्ला झाला. तिथल्या कुठल्याच वाणाचा टिकाव लागेना. प्रतिकारशक्ती सापडली ती भारतातून गेलेल्या खरबुजाच्या बियाण्यात. ते फळ तिथल्या बाजारात चालण्यासारखं नव्हतं, म्हणून स्थानिक वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करत 1936 मध्ये ‘पीएमआर 45’ हे वाण आणलं गेलं. पण दोनच वर्षांत, 1938 मध्ये, त्या वाणालाही न जुमानणारी भुरीचा नवा प्रकार उभा राहिला. एकाच जनुकाच्या भरवशावर राहिलं की काय होतं, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

काकडीची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. अमेरिकी बियाणे संग्रहात ‘पीआय 197087’ या क्रमांकाची एक भारतीय काकडी आहे. तिच्यापासून 1966 मध्ये ‘पॉइन्सेट’ हे वाण निघालं आणि पुढे तिचा वारसा तिथल्या कितीतरी वाणांत उतरला. केवडा, बुरशीमुळे येणारा करपा आणि जिवाणूंमुळे पडणारे कोनदार ठिपके या तिन्ही रोगांना या काकड्या तोंड देत राहिल्या. 2004 मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात केवड्याचा नवा, आक्रमक प्रकार आला आणि शेतंच्या शेतं गेली. बाकीच्या दोन रोगांविरुद्धची ताकद मात्र टिकून राहिली. का टिकली, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

तोवर पैदासकाराकडे एकच मार्ग होता: शेतात रोग येऊ द्यायचा, आजारी झाडं उपटायची, तगलेली ठेवायची. यात वर्षं जात आणि प्रतिकारशक्तीच्या जोडीला कडूपणा किंवा लहान फळ असे नको ते गुणही येत.

2009 मध्ये चीनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने काकडीचा जनुकसंच जाहीर झाला: सात गुणसूत्रं, सुमारे 26 हजार जनुकं. 2012 मध्ये खरबुजाचा आला, 2013 मध्ये कलिंगडाचा, 2017 मध्ये भोपळ्याच्या दोन जातींचा. आता रोपाला पहिली पानं फुटताच पानाचा छोटा तुकडा तपासून हवं ते जनुक आलंय की नाही हे कळतं आणि वेगवेगळी जनुकं एकाच वाणात जुळवता येतात.

त्या भारतीय काकडीचं कोडंही यातूनच सुटलं. 2019 मध्ये दिसून आलं की तिच्या एका जनुकात डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं आहे. हे जनुक पानातलं हरितद्रव्य मोडण्याचं काम करतं. रोगजंतूंच्या हल्ल्यात पान पिवळं पडून मरतं, त्यात याचाच हात असतो. बदललेल्या रूपात हे मोडणं मंदावतं आणि पान हिरवं राहतं. इथे झाडाने रोगाला मारलेलं नाही, फक्त बळी पडण्याचा रस्ता बंद केला आहे. म्हणूनच जंतूला यावर मात करणं अवघड गेलं, असं संशोधक मानतात.

नव्या रोगांवरच्या उपायांचा शोधही पुन्हा भारतातच येऊन पोचतो. टोमॅटोवर दिल्लीत पहिल्यांदा नोंदवलेला पर्णगुच्छाचा विषाणू 2012 मध्ये स्पेनच्या झुकिनीवर पोचला. त्याला दाद न देणाऱ्या खरबुजांचा शोध स्पेनच्या संशोधकांनी घेतला तेव्हा हाती लागलेल्या वाणांत भारतीय वाणं होती. काकडीच्या बाबतीत तर भारताकडे वळणं स्वाभाविकच आहे. तिचं मूळ घर भारत, आणि तिचे रानटी भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याशी आजही आढळतात.

चिबूड हा खरबुजाच्याच जातकुळीतला. कोकणच्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या तगलेल्या या फळात कोणती जनुकं असतील, हे वाचायचं तर त्याचं बी आधी शेतात टिकायला हवं. बाजारू संकरित बियाण्यासमोर ते मागे पडत चाललं आहे. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांना आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं, आणि त्या वाणावरून नवं वाण काढणाऱ्याकडून लाभात वाटा मागता येतो. ‘पीआय 197087’ भारताबाहेर गेलं तेव्हा असा कायदा नव्हता.