मुले पळवणाऱ्या टोळीचा तो व्हिडिओ

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना व्हिडिओ अधूनमधून पुन्हा अवतरतो: गल्लीत खेळणाऱ्या मुलाला मोटारसायकलवरचे दोघे उचलून नेतात आणि खाली ‘टोळी आपल्या भागात आली आहे’ असा मजकूर असतो. हा व्हिडिओ पुण्यातला नाही, भारतातलाही नाही. मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी कराचीत तयार झालेली ती चित्रफीत असून, मूळ फितीत ते दोघे लगेच मागे फिरून मुलाला सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. हा शेवट कोणीतरी कापला आणि अभिनयाचा गुन्हा झाला.

‘खोटे असले तरी सावध राहिलेले काय वाईट?’ असे कोथरूडमधले माझे सुशिक्षित शेजारीही विचारतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

तरीही असा व्हिडिओ पटतो, कारण पाठवणारी मावशी किंवा वर्गमित्र असतो, अनोळखी वार्ताहर नव्हे. शिवाय तेच विधान वारंवार कानावर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. मजकुरातल्या गावाचे नाव मात्र दर वेळी सोयीने बदललेले असते. खरोखरच संशय आला, तर ११२ क्रमांक आहे.