एरिस : प्लुटोची जागा घालवणारी कळलावी

प्लुटोला ग्रहांच्या यादीतून काढलं, हे नागपुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात नातवाला घेऊन आलेले आजोबा मात्र अजून बोटांवर नऊच मोजतात. ज्या बटुग्रहामुळे हे सारं घडलं, त्या एरिसचं नाव दोघांनाही क्वचितच माहीत असतं.

या प्रकरणाचं मूळ एका गाळणीत आहे. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतून माइक ब्राउन, चॅड त्रुहियो आणि डेव्हिड रॅबिनोविट्झ आकाशाच्या एकेका तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो घेत. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका सरकला, तो आपल्या सूर्यमालेतला. पण असे खोटे ठिपकेही ढिगानं मिळत. म्हणून तासाला १.५ विकलांहून (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) हळू सरकणारं सगळं संगणक सरळ फेकून देई. गोम अशी, की वस्तू जितकी दूर तितकी तिची चाल मंद. म्हणजे ज्यांना शोधायचं, तेच गाळात जात होते! नोव्हेंबर २००३ मध्ये सेडना ही सूर्यमालेतली अशीच एक दूरची वस्तू सापडली, ती १.७५ विकलांनी सरकत होती. जेमतेमच वाचली. मग या तिघांनी मर्यादा खाली आणून जुने फोटो पुन्हा चाळले. २१ ऑक्टोबर २००३ च्या फोटोंत एरिस होतीच. ती नजरेला पडली ५ जानेवारी २००५ रोजी.

दूर म्हणजे किती? नागपुरातल्या झिरो माईलच्या खांबापाशी सूर्य म्हणून एक मोठंसं संत्रं ठेवा. पृथ्वी येईल दहा मीटरवर, नेपच्यून तीनशेवर. एरिस साडेनऊशे मीटरवर, आणि आकारानं बारीक रव्याच्या कणाहूनही लहान. सूर्याभोवती एका फेरीला तिला साडेपाचशेहून जास्त वर्षं लागतात. बख्त बुलंद शहानं नागपूर वसवलं तेव्हापासून एकही पुरी झालेली नाही. तिची कक्षाही ४४ अंशांनी कललेली. मिथेनच्या बर्फानं ती लख्ख चकाकते, म्हणून दिसली तरी.

२९ जुलै २००५ रोजी शोध जाहीर झाला आणि ‘दहावा ग्रह’ म्हणून गाजावाजा सुरू झाला. अंदाज होता की ती प्लुटोहून मोठी आहे. मग एकाला ग्रह म्हणायचं आणि दुसरीला नाही, हे कसं चालावं? ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला खगोलशास्त्रज्ञ जमले. पहिल्या मसुद्यात बारा ग्रह होते, त्यात एरिसही! तो टिकला नाही. २४ ऑगस्टच्या मतदानात नवी अट आली : ग्रहानं आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. प्लुटो आणि एरिस दोघंही नापास.

१३ सप्टेंबरला तिचं बारसं झालं. एरिस ही ग्रीकांची भांडणं लावणारी देवी. आपल्याकडे पावसाळ्यात रानात कळलावी फुलते. मराठीत हेच नाव शोभलं असतं.

पुढचा भाग मजेशीर आहे. २०१० मध्ये एरिस एका ताऱ्यासमोरून गेली, त्यावरून तिचा व्यास निघाला सुमारे २,३२६ किलोमीटर. २०१५ मध्ये न्यू होरायझन्स यान प्लुटोजवळ पोहोचलं, तेव्हा त्याचा भरला २,३७७. म्हणजे ज्या मोठेपणावरून वाद पेटला, तो तिच्याकडे नव्हताच. वस्तुमानात मात्र ती प्लुटोहून सुमारे २७ टक्क्यांनी भारी आहे; हे कळलं तिच्याभोवती फिरणाऱ्या डिस्नोमिया या छोट्या चंद्रामुळे.